विश्लेषण : बाल्साचे विमान रंगाआधी कसे तयार करतात? भातसानगरच्या हवेत हे काम अवघड का?

शहापूर तालुक्यातील भातसानगर ही धरणामुळे वसलेली वसाहत. शेजारी मुंबईची तहान भागवणारा भातसाचा जलाशय, भोवती जंगल आणि पूर्वेला सह्याद्रीची रांग. जून ते सप्टेंबर या काळात इथल्या भिंतींना ओल येते, बरणीतल्या मिठाला पाणी सुटते आणि कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी धरते. अशा ठिकाणी घरी बसून बाल्सा लाकडाचे मॉडेल विमान बांधता येते. कापणे, चिकटवणे, सांगाडा उभा करणे ही कामे पावसाच्या दिवसांत वेळ घालवायला उत्तमच. अडचण सुरू होते ती रंगाच्या डब्याचे झाकण उघडल्यावर. दोन-तीन महिने खपून केलेले विमान दोन दिवसांत पांढुरके पडते किंवा पंख पिळवटतात. कधी ते दिसते देखणे, पण उडत नाही. बहुतेक वेळा यात रंगाचा दोष नसतो, रंगाआधीची तयारी कच्ची राहिलेली असते.

राष्ट्रीय छात्र सेनेच्या, म्हणजे एनसीसीच्या हवाई शाखेत एअरोमॉडेलिंग हा प्रशिक्षणाचाच भाग आहे. दरवर्षी होणाऱ्या अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात मॉडेल विमानांच्या स्पर्धा होतात. नुसते मांडून ठेवायचे मॉडेल, दोरीवर फिरणारे कंट्रोल लाइन मॉडेल आणि रेडिओवर चालणारे मॉडेल असे त्यांचे प्रकार. मांडायच्या मॉडेलमध्ये परीक्षकाची नजर आधी पृष्ठभागावर जाते. उडणाऱ्या मॉडेलमध्ये पृष्ठभागावर चढवलेला प्रत्येक ग्रॅम हवेत हिशेब मागतो. रंगाची तयारी दोन्हीकडे लागते, मात्र ती सारखी नसते.

बाल्सा इतके वेगळे का?

माघ-फाल्गुनात शहापूर-मुरबाडच्या जंगलात पाने गाळून लाल फुलांनी पेटणारी काटेसावर सर्वांच्या ओळखीची आहे. दक्षिण व मध्य अमेरिकेतला बाल्सा हा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तिचाच आप्त. दोघांच्या फळांतून कापसासारखे तंतू निघतात, दोघे झपाट्याने वाढतात, दोघांचे लाकूड मऊ. सावरीचे लाकूड आगकाड्या आणि खोक्यांसाठी वापरले जाते. पण ते बाल्साच्या दुपटीहून जड भरते, म्हणून विमानाच्या कामाचे नाही. जगाला लागणारा बहुतेक बाल्सा इक्वेडोरमधून येतो. स्पॅनिशमध्ये ‘बाल्सा’ म्हणजे तराफा. थॉर हायरडाल यांनी १९४७ मध्ये पॅसिफिक महासागर ओलांडला तो ‘कॉन-टिकी’ तराफा याच ओंडक्यांचा होता.

हलकेपणाचे कारण लाकडाच्या आत आहे. बाल्साच्या पेशी मोठ्या आणि पेशीभित्ती पातळ असतात. जिवंत झाडात त्या पाण्याने भरलेल्या असतात. लाकूड भट्टीत वाळवले की पाणी जाते आणि मागे हवेने भरलेल्या पोकळ्या उरतात. मॉडेलसाठी वापरल्या जाणाऱ्या बाल्साची घनता साधारण दर घनमीटरला १०० ते २०० किलो असते. एक मीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड अशा दोन फळ्या दिसायला जुळ्या असतात, पण एक ३० ग्रॅमची निघते आणि दुसरी ६० ग्रॅमची. म्हणून जाणकार दुकानात खिशातला छोटा डिजिटल काटा घेऊनच जातात. शेपटीसाठी हलकी फळी, पंखाच्या मुख्य दांड्यासाठी भक्कम, अशी निवड तिथेच होते.

ज्या पोकळ्यांमुळे बाल्सा हलका, त्याच पोकळ्या रंगकामाच्या मुळावर येतात. कापलेल्या पृष्ठभागावर त्या तोंड उघडून बसलेल्या असतात. अशा लाकडावर थेट रंग लावला की पहिला हात लाकूड पिऊन टाकते, दुसरा अर्धा पिते आणि तिसऱ्यानंतरही तंतूंच्या रेघा दिसत राहतात. हौशी मुलगा मग चौथा हात मारतो. विमान जड होते आणि रेघा तरीही जात नाहीत.

रंगाचे वजन असते तरी किती?

एक साधे उदाहरण घेऊ. पंखांचा विस्तार १२० सेंटिमीटर आणि रुंदी १७ सेंटिमीटर असलेले, सुमारे ५०० ग्रॅमचे मॉडेल. पंखाच्या वरची आणि खालची बाजू, धड आणि शेपूट मिळून रंगवायचा पृष्ठभाग सुमारे ०.६ चौरस मीटर भरतो. त्यावर वाळलेल्या रंगाचा थर ५० मायक्रॉन, म्हणजे साध्या छपाईच्या कागदाच्या निम्म्या जाडीचा असेल, तर त्याचे वजन जवळपास ४० ग्रॅम होते. थर कागदाइतका जाड झाला की ८० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे विमानाने आपल्या वजनाच्या सहाव्या हिश्श्याइतके ओझे केवळ दिसण्यासाठी उचलायचे. वजन वाढले की उडण्यासाठी लागणारा वेग वाढतो, उतरताना वेग जास्त राहतो आणि आपटण्याचा जोरही वाढतो.

शेपटीकडचे वजन आणखी महाग पडते. मॉडेल ज्या ठिकाणी तोलते तिथून शेपूट लांब आणि नाक जवळ असते. हे अंतर तिप्पट असेल, तर शेपटीवर चढलेल्या ५ ग्रॅम रंगाला नाकात १५ ग्रॅम शिसे घालून तोलावे लागते. पाच ग्रॅमची हौस वीस ग्रॅमला पडली. तोल न साधता उडवले तर शेपूट जड असलेले विमान नाक वर करते, वेग गमावते आणि एका पंखावर कोसळते. पहिल्याच उड्डाणात मोडलेल्या अनेक विमानांची कहाणी एवढीच असते. म्हणून शेपटीला सीलर आणि रंग दोन्ही कमीत कमी लावायचे, हा नियम अनुभवी मंडळी मोडत नाहीत.

भातसानगरची हवा आड कशी येते?

माठातले पाणी गार का होते, हे शाळेत शिकवतात. बाष्पीभवन होताना उष्णता शोषली जाते. रंगाच्या किंवा सीलरच्या ताज्या हातावरही तेच घडते, फक्त पाण्याऐवजी थिनर उडत असतो आणि तो पाण्यापेक्षा फार लवकर उडतो. त्यामुळे पृष्ठभाग भोवतालच्या हवेपेक्षा झपकन गार होतो. हवा कोरडी असेल तर काही बिघडत नाही. पण पावसाळी हवेत बर्फाच्या पाण्याच्या पेल्यावर जसे दव जमते, तसे ओल्या थरावर डोळ्यांना न दिसणारे बाष्प जमते. सेल्युलोज नायट्रेट, म्हणजे डोप, लॅकर आणि एनसी सीलर यांचा मूळ पदार्थ, त्या पाण्याने फाटतो आणि थर दुधाळ पांढरा पडतो. फर्निचरचे पॉलिश करणारे कारागीर याला ‘पांढरं मारलं’ म्हणतात. तो डाग केवळ दिसायला वाईट नसतो. तिथला थर कमजोर झालेला असतो.

हवेतील आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर असेल तर डोप आणि लॅकरला हात लावू नये, हा ढोबळ नियम. शहापूरच्या पावसाळ्यात हा आकडा दिवसरात्र ओलांडलेला असतो. घड्याळासोबत आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र आता ऑनलाइन सहज मिळते आणि ब्रशच्या संचाइतकेच ते उपयोगाचे आहे. पाऊस गेल्यावरही सकाळी घाई नको. जलाशयाच्या काठच्या गावांत हिवाळ्यात पहाटे धुके उतरते. सकाळी दहानंतर, ऊन तापल्यावर आणि दुपार कलायच्या आत हात मारून घ्यावा. पांढरा पडलेला थर खरवडण्याआधी एक उपाय करून पाहता येतो. कोरड्या दिवशी त्यावर सावकाश उडणारा थिनर, ज्याला दुकानात ‘रिटार्डर’ म्हणतात, तो साध्या थिनरमध्ये मिसळून हलका फवारावा. थर पुन्हा मऊ होतो, अडकलेले पाणी निघून जाते आणि पुष्कळदा पांढरेपणाही जातो.

ओलाव्याचा दुसरा मार खुद्द लाकडाला बसतो. बाल्सा हवेतून ओल घेतो, फुगतो, उन्हात आकसतो. ही तक्रार खेळण्यातल्या विमानांपुरती नाही. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिशांचे ‘मॉस्किटो’ हे लढाऊ-बॉम्बफेकी विमान प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्सा घालून बनवलेले होते. १९४४ च्या नोव्हेंबरमध्ये भारत-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर काही मॉस्किटो कोसळली, तेव्हा संशय आधी इथल्या पावसाळी हवेवर आणि लाकूड जोडणाऱ्या गोंदावर गेला. चौकशीसाठी हेरवर्ड डी हॅविलँड यांचे पथक भारतात आले. त्यांच्या अहवालाने पावसाळ्यात सांगाडा आकसल्याचे कारण दिले. पुढच्या तपासण्यांत मात्र कारखान्यातल्या सदोष जोडणीवर बोट ठेवले गेले. भातसानगरच्या मॉडेलकारालाही हाच प्रश्न पडतो. पंख वाकला तो हवेने की हाताने? निम्म्या वेळा उत्तर दुसरे असते.

घासणे : सर्वांत कंटाळवाणे, सर्वांत महत्त्वाचे

तयारीतला मोठा वेळ पॉलिश पेपरवर जातो. सुरुवात १८० नंबरने, मग २४०, मग ३२० आणि शेवटी ४००. मधला नंबर गाळला तर आधीच्या पेपरचे ओरखडे राहतात आणि ते रंगाखाली उठून दिसतात. पेपर बोटांनी धरून घासणे ही सर्वाधिक होणारी चूक. बोटांचा दाब सारखा नसतो. मऊ लाकडात लगेच खळगे पडतात. सपाट भागासाठी पेपर लाकडाच्या ठोकळ्यावर ताणून चिकटवावा, गोलाईसाठी मऊ फोमच्या तुकड्यावर. दिशा लाकडाच्या तंतूंच्या बाजूने. हात हलका. पेपर जुना झाला की टाकून द्यावा, कारण बोथट पेपर कापत नाही, नुसता दाबतो.

सांध्यांपाशी जास्त जपावे लागते. सुपर ग्लू वाळल्यावर बाल्सापेक्षा कितीतरी कडक होतो. ओघळलेल्या गोंदावरून पेपर फिरवला की गोंद तसाच राहतो आणि दोन्ही बाजूंचे लाकूड झिजते. रंगानंतर तिथे उंचवट्याची रेघ दिसते. असा गोंद आधी धारदार पात्याने अलगद काढावा. पंखावर पातळ फळी लावली असेल तर आतल्या बरगड्यांवर दाब पडून तिथली फळी कागदासारखी पातळ होते आणि बरगड्यांमधला भाग फुगल्यासारखा दिसतो. ऊन तिरपे पडेल अशा खिडकीपाशी मॉडेल धरून पाहिले की हे दोष कळतात. समोरून येणारा ट्यूबलाइटचा उजेड ते लपवतो.

नखाने, पात्याच्या मुठीने किंवा टेबलावरच्या खड्याने पडलेला पोचा भरायला घाई करू नये. लाकूड तुटलेले नसेल, नुसते दबलेले असेल, तर त्यावर पाण्याचा एक थेंब सोडावा. दबलेल्या पेशी पाणी पिऊन वर येतात. तेवढ्याने भागले नाही तर ओल्या फडक्यावरून कोमट इस्त्रीचे टोक क्षणभर टेकवावे. वाळल्यावर हलके घासले की पोचा कुठे होता ते सापडत नाही. मात्र हे सीलर लावण्याआधीच जमते. एकदा छिद्रे बुजली की पाणी आत जात नाही.

खऱ्या फटी आणि भोके भरायला हलके फिलर लागते. भिंतीला लावायची लांबी किंवा गाडीच्या पत्र्याला भरायचे पुट्टी हाताशी असते म्हणून वापरली जाते. दोन्ही जड, आणि बाल्सापेक्षा कडक. घरगुती उपाय चांगला आहे. घासताना पडलेली बाल्साची पूड जमवून ठेवावी आणि ती थोड्या डोपमध्ये किंवा सीलरमध्ये कालवून फटीत भरावी. वाळताना ती थोडी बसते, म्हणून किंचित वर ठेवावी. ही पूड श्वासातून आत जाऊ नये यासाठी मास्क हवा. कोविडनंतर घराघरांत पडून असलेले चांगल्या प्रतीचे मास्क इथे कामी येतात.

छिद्रे कशी बुजवायची?

सावंतवाडीच्या गंजिफाची पाने रंगवण्याआधी त्यांना चिंचोक्याची खळ आणि खडू यांचा लेप देऊन घोटून गुळगुळीत करण्याची रीत आहे. चिकटवणारा पदार्थ अधिक बारीक पूड, हे सूत्र जगभर एकच. बाल्सासाठी चिकटवणारा पदार्थ म्हणजे डोप किंवा एनसी लॅकर आणि पूड म्हणजे टाल्कम पावडर. तयार सँडिंग सीलरमध्येही अशीच बारीक पूड असते. फर्निचरच्या कामाचा एनसी सँडिंग सीलर शहापूर-कल्याणच्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळतो. तो बाल्साला चालतो, पण डब्यातून तसाच काढून नव्हे. जवळपास तितकाच थिनर घालून तो दुधाइतका पातळ करावा.

पहिला हात लागला की लाकडाचे बारीक तंतू ताठ उभे राहतात आणि गुळगुळीत केलेला पृष्ठभाग पुन्हा खरखरीत लागतो. यात बिघडले असे काही नसते. पूर्ण वाळल्यावर ३२० नंबरने घासले की ते तंतू कापले जातात आणि पुन्हा उठत नाहीत. मग दुसरा हात, पुन्हा घासणे. गरज वाटली तर तिसरा. प्रत्येक वेळी लावलेल्यातला बराचसा भाग घासून काढायचा असतो. सीलर छिद्रांत राहायला हवा, लाकडावर नव्हे. नवख्याला हे पटत नाही. पैसे देऊन आणलेले, मेहनतीने लावलेले पुसून का टाकायचे? पण काट्यावर ठेवले की पटते. घासताना कोरडी पांढरी भुकटी पडली तर थर वाळला आहे. पेपरला रबरासारख्या गुठळ्या चिकटल्या तर एक दिवस थांबावे.

पुरे झाले हे कसे ओळखायचे? मॉडेल उजेडात तिरपे धरले की सगळीकडे सारखी मंद झिलई दिसायला हवी. मध्येच निस्तेज ठिपके दिसले तर तिथली छिद्रे अजून उघडी आहेत. फक्त तिथेच आणखी एक हात द्यावा, सगळीकडे नव्हे.

पातळ फळीच्या शेपटीबाबत एक खबरदारी. एका बाजूला सीलर लावून दुसरी उद्यावर टाकली, तर वाळताना आकसणारा थर फळीला आपल्याकडे ओढतो आणि सकाळी शेपूट पापडासारखी वळलेली मिळते. दोन्ही बाजूंना एकाच बैठकीत, सारखाच हात द्यावा.

कागद, रेशीम की काचकापड?

नुसत्या सीलरने काम भागते, पण काही महिन्यांनी रेघा पुन्हा डोकावतात. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात बसते आणि रंगाचा थर त्याच्या मागे जातो. म्हणून लाकूड आणि रंग यांच्यामध्ये तंतुमय कागदाचा एक पडदा घालण्याची जुनी पद्धत आहे. जपानी टिश्यू कागद लाकडावर पसरायचा आणि वरून पातळ डोप मऊ ब्रशने झिरपवायचा. कागद लाकडाला घट्ट बसतो, पृष्ठभाग चिवट होतो आणि वजन नाममात्र वाढते. संक्रांतीच्या पतंगांचा कागद वापरून पाहण्याचा मोह होतो. सरावाच्या मॉडेलला तो चालतो, पण ओला झाला की पटकन फाटतो आणि त्याचा रंग डोपमध्ये सुटू शकतो. आधी तुकड्यावर करून पाहावे.

पंख पूर्ण फळीने मढवलेला नसून नुसत्या बरगड्यांचा असेल तर कागद हाच त्याचा पृष्ठभाग. तो कडांना चिकटवून पाण्याचा फवारा मारला की वाळताना ढोलकीच्या चामड्यासारखा ताणला जातो. त्यावर समभाग थिनर घातलेल्या डोपचे दोन हात. डोप कागदाला आणखी ओढतो आणि इथेच पंख पिळवटतात. उपाय दोन. वाळेपर्यंत पंख सपाट पाटावर, खाली छोटे ठोकळे देऊन, टाचण्यांनी दाबून ठेवायचा; आणि डोपमध्ये एरंडेल तेलाचे काही थेंब घालायचे. एरंडेल उडून जात नाही, थरात राहते आणि त्याला लवचीक ठेवते. थेंबांचे चमचे झाले तर मात्र पृष्ठभाग कायम चिकट राहतो.

मोठ्या किंवा इंजिनाच्या मॉडेलला अतिशय तलम काचकापड लावतात. चौरस मीटरला २५ ग्रॅमचे कापड घेतले तर आपल्या उदाहरणातल्या मॉडेलवर नुसते कापडच १५ ग्रॅमचे होते, रेझिन वेगळे. लहान विजेवर चालणाऱ्या मॉडेलला हा थाट परवडत नाही.

प्रायमर आणि मिग-२१ ची कसोटी

यानंतर राखाडी प्रायमरचा एक पातळ फवारा. प्रायमर रंगाला पकड देतो, पण त्याचे खरे काम चुगलीखोराचे आहे. लाकडाच्या नैसर्गिक छटांमध्ये लपलेले ओरखडे, खळगे, सांध्यांच्या रेघा एकरंगी राखाडीत उघड्या पडतात. त्यावर पेन्सिलीने हलक्या रेघोट्या ओढून ४०० नंबरचा पेपर ठोकळ्यावरून फिरवला की उंच भागावरची पेन्सिल पुसली जाते आणि खोलगट भागात उरते. तिथे फिलरचा ठिपका, पुन्हा घासणे. शेवटी बहुतेक प्रायमर निघून गेलेला आणि मॉडेल नकाशासारखे चट्ट्यापट्ट्यांचे दिसते. ते तसेच दिसायला हवे.

कसारा घाट ओलांडून नाशिकच्या बाजूला उतरले की ओझर येते. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या तिथल्या कारखान्यात मिग-२१ विमाने तयार झाली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी हे विमान हवाई दलातून निवृत्त झाले. मांडायच्या मॉडेलसाठी ते मुलांचे आवडते. त्याचे जुने, रंग न दिलेल्या धातूचे चकाकते रूप हवे असेल, तर तयारीची सर्वांत कडक परीक्षा तिथे होते. चंदेरी रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. ते एका पातळ हातात खालचा रंग झाकतात, म्हणून वजनाला उत्तम. पण उजेड परतवत असल्याने लाकडाची एकही रेघ ते लपवत नाहीत. वाळूच्या रंगाचे, तकाकी नसलेले छद्मावरण या बाबतीत उदार असते. पहिल्या मॉडेलला तेच बरे. पिवळा आणि लाल हे फसवे रंग; ते नीट झाकत नाहीत, म्हणून हातावर हात चढत जातात.

कोणता रंग कशावर चालतो?

उग्र थिनरचा रंग सौम्य रंगावर गेला की खालचा थर सुरकुततो. इनॅमलवर लॅकर किंवा डोप मारला तर शिजलेल्या दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या येतात. उलट, पूर्ण वाळलेल्या डोपवर इनॅमल सहसा चालतो. स्प्रे कॅनवर ‘ॲक्रिलिक’ लिहिले असले तरी आतला थिनर सौम्यच असेल असे नाही. एकच खात्रीचा मार्ग आहे. बांधकामातून उरलेल्या बाल्साच्या तुकड्यावर विमानावर जे करायचे ते सगळे, त्याच क्रमाने आणि तितकेच थांबून करावे. दुसऱ्या दिवशी त्यावर मास्किंग टेप दाबून ओढावी. रंग टेपसोबत आला तर विमान वाचले असे समजावे.

इंजिनाच्या मॉडेलचा प्रश्न वेगळा. ग्लो इंजिनाच्या इंधनात मिथेनॉल असते आणि ते साधा डोप, सीलर आणि अनेक रंग विरघळवते. त्यावर इंधन न लागणारा पारदर्शक थर आवश्यक. दोन भाग मिसळून करायचे पॉलियुरेथेन टिकाऊ असते, पण त्याच्या फवाऱ्यातील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक; साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही. घरी ते फवारू नये. बॅटरीवरच्या मॉडेलला याची गरजच नाही.

घरात हे काम करताना धोका कोणता?

जुन्या चित्रपटांची रिळे ज्या सेल्युलोज नायट्रेटची असत, तोच पदार्थ डोप आणि एनसी सीलरमध्ये आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील साठ्याला लागलेल्या आगीत अशी अनेक दुर्मीळ रिळे नष्ट झाली. मॉडेलच्या कामात साठा छोटा असतो, पण खोलीही छोटी असते. थिनरची वाफ हवेपेक्षा जड; ती जमिनीलगत पसरते आणि स्वयंपाकघरातल्या शेगडीपर्यंत किंवा देवघरातल्या निरांजनापर्यंत पोहोचते. पावसामुळे दारे-खिडक्या लावून घेऊन सीलर लावणे म्हणजे दुहेरी संकट. थर पांढरा पडणार आणि डोके जड होणार. ओटी किंवा गच्ची बरी. थिनरचे फडके बोळा करून कोपऱ्यात टाकू नये, पसरून बाहेर वाळवावे. मुलांनी हे काम मोठ्यांच्या देखरेखीतच करावे. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक सीलर आणि पॉलियुरेथेन आता मिळतात. ते तंतू जास्त उठवतात, दमट हवेत वाळायला वेळ घेतात, पण घरात वापरण्यासाठी तेच योग्य.

कधी काय करावे?

पावसाळ्यात बांधणी आणि कोरडे घासणे उरकावे. तयार भाग प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावेत. दिवाळीनंतर सीलर, कागद आणि प्रायमर, प्रत्येक टप्प्याआधी आणि नंतर वजन वहीत लिहून. नाताळाच्या सुट्टीत रंग. त्यानंतर निदान आठवडाभर मॉडेल उन्हात न ठेवता हवेशीर जागी टांगावे, कारण वरून कोरडा लागणारा थर आतून वाळत असतो आणि थिनर उडेल तसे वजनही किंचित उतरते. तोल त्यानंतरच पाहावा.

तोवर भाताची कापणी होऊन खाचरे मोकळी झालेली असतात. धरणाचा परिसर सुरक्षेच्या दृष्टीने संवेदनशील, त्यामुळे तिथे रेडिओवरचे मॉडेल उडवू नये. वस्तीपासून दूरची जागा निवडून ड्रोन नियमांचा नकाशा आधी तपासावा. उरलेला रंग त्याच थिनरसह छोट्या घट्ट बुचाच्या बाटलीत भरून वर रंगाचे नाव आणि तारीख लिहून ठेवावी. खाचराच्या बांधाला पंखाचे टोक घासले की दुरुस्तीला तो लागतोच.